कुळथाचं कळण आणि घाटातली थंडी

चि. बाय हिला,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पाच वाजले की खोलीत येते, हीटर लावते, पाकिटातलं सूप करते आणि रजईत शिरते." आईने लगेच "बरं करतेस गो" म्हणून टाकलं आणि तुम्हा दोघींची गाडी स्वेटरवर गेली. मला बोलायचं होतं ते राहून गेलं. फोनवर आईच्या पुढे माझा नंबर लागतो कधी? म्हणून हे पत्र. पार्सलमध्ये सगळ्यात वर ठेवतोय, म्हणजे ते बाजूला केल्याशिवाय कुळथाची पिशवी तुझ्या हाती लागणार नाही.

सरळच सांगतो. डेहराडूनसारख्या गावात राहायला मिळालंय आणि तू थंडीत दार लावून बसतेस, हे मला पटत नाही. थंडी बघायला माणसं पैसे मोडून जातात. तुझ्या बापाला तर ती सरकारी पगारावर बघायला मिळाली, आणि अजून आठवली की बरं वाटतं. थंडी सोसायची नसते, तिच्यात हिंडायचं असतं. आणि हिंडून आल्यावर हातात गरम, हुनहुनीत काहीतरी लागतं, एवढंच. ते हुनहुनीत पाकिटातलं नको. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाच. मक्याचं पीठ, साखर, मीठ ही मंडळी पुढच्या रांगेत बसलेली दिसतील, आणि ज्या भाजीचं चित्र पुढे छापलंय ती मागे कुठेतरी उभी.

इकडे गोव्यात, आपल्या सत्तरी तालुक्यात यंदा थंडी बरी आहे. पणजीवाल्यांना ती कळत नाही. तिथे जानेवारीत पहाटे पारा १९-२० अंशांवर आला की मांडवीकाठी फिरायला येणारी माणसं कानटोप्या घालतात, आणि बाजूने परदेशी पाहुणे बनियनवर धावत असतात. समुद्र जवळ असला की असंच व्हायचं. पाणी दिवसाची ऊब धरून ठेवतं आणि रात्री थोडीथोडी सोडतं. आपण आहोत सह्याद्रीच्या पायथ्याशी. संध्याकाळ झाली की डोंगरउतारावरची गार हवा खाली सरकते आणि दरीत साचून राहते. पहाटे परसात उभं राहिलं की माडाचे शेंडे तेवढे दिसतात, बुंधे धुक्यात. तू हे सगळं पुस्तकात शिकलीस, मी बसच्या काचेतून शिकलो. पण दोघांचं शास्त्र एकच निघालं, हे मला तिकडे आलो तेव्हा कळलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आंब्याला मोहोर आलाय. काजूही फुलायला लागलीय. आई रोज सकाळी मोहोराकडे बघून धुक्याला शिव्या घालते, कारण फार दिवस धुकं राहिलं की मोहोर काळा पडतो. मला धुकं आवडतं, आंबा गेला तरी चालेल. हे तिला सांगू नकोस. पौषातले धालो, बायकांचे रात्रीचे नाचगाण्याचे खेळ, सुरू झाले आहेत. आजी आता मांडावर उतरत नाही, गुडघे धरतात. पण शाल गुंडाळून बसते आणि कोणी ओवी चुकली की बसल्या जागेवरूनच पुढची ओळ घालते. परत येते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, आणि मग तिला पेज लागते. उकड्या तांदळाची, गरम, वर चिमूटभर मीठ, बाजूला मिस्कूट, म्हणजे आंब्याचं लोणचं. आपल्याकडे सूप म्हणून वेगळं कधी कोणी केलं नाही गो. पेज, कळण (कडधान्य शिजवलेलं पाणी), सार, तोय (पातळ वरण) ही आपली सुपं. वाटीतून प्यायली म्हणून त्यांना कोणी मान दिला नाही, एवढंच.

आता माझी थंडी सांगतो. तू लहान होतीस तेव्हा मी रात्री घरी नसायचो, आणि कुठे असायचो ते तुला धड माहीत नाही.

कदंबमध्ये, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, बरीच वर्षं ड्रायव्हर म्हणून माझ्याकडे बेळगावची गाडी होती. पणजीहून निघायचं, साखळीला माणसं भरायची, केरीचा चेकपोस्ट ओलांडला की अंजुणे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसेनासं व्हायचं आणि चोर्ला घाट सुरू. खाली साखळीत माणसं घामाघूम होऊन चढलेली असायची. घाटाच्या मधल्या वळणावर पहिली खिडकी सरकल्याचा आवाज यायचा, मग दुसरी, मग सगळ्याच. वर पोचेपर्यंत गाडीतली अर्धी माणसं टॉवेल डोक्याला बांधून बसलेली. आता गंमत बघ. खिडक्या बंद झाल्या की चाळीस-पन्नास माणसांच्या श्वासाने समोरची काच आतून धूसर व्हायची. बाहेर धुकं, आत वाफ. मग मला माझ्या बाजूची खिडकी सताड उघडावी लागायची, म्हणजे काच निवळायची. मागून लगेच ओरड: "ड्रायव्हर, खिडकी लाव रे, थंडी येता!" मी म्हणायचो, "खिडकी लावतो, पण मग रस्ता तुम्ही बघा." गप्प व्हायचे.

धुक्यात अप्पर, म्हणजे दिव्याचा लांबचा झोत, लावून उपयोग नसतो. प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो. डिपर, म्हणजे खालचा झोत लावायचा, डाव्या बाजूची कड नजरेत धरायची, वळणावर हॉर्न, आणि समोरून चढणीची गाडी येत असली की थांबून तिला वाट द्यायची. नव्या पोरांना मी पहिल्यांदा हे शिकवायचो. बाकी गाडी चालवणं काय, कोणीही शिकतं.

घाटमाथ्यावर कणकुंबीला आमचा चहा. तिथे माउलीचं देऊळ आहे, तिथेच मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात. आणि थोडं अलीकडे पडलेला पाऊस वाळवंटीतून मांडवीत, म्हणजे आपल्या अरबी समुद्रात. त्या टपरीपुढे ग्लास दोन्ही हातांत धरून उभं राहिलं की मला नेहमी वाटायचं, आपण घराच्या आढ्यावर उभे आहोत, पाऊस कुठल्या बाजूने ओघळायचा ते इथे ठरतं. जानेवारीतल्या पहाटे बेळगावात १३-१४ अंश असायचे, आणि कणकुंबी-जांबोटीच्या रानातून जाताना त्याहून कमीच वाटायचं. पणजीहून फक्त काही तासांवर! ड्युटी संपवून खाली साखळीत उतरलो की स्वेटर काढून सीटखाली टाकायचा आणि पुन्हा घाम पुसायला सुरुवात.

माझा कंडक्टर सासष्टीचा, ख्रिस्ती. मला "पात्रांव", म्हणजे मालक, म्हणायचा, माझ्याहून मोठा असूनही. नाताळाच्या आसपास त्याच्या पिशवीत हमखास एक स्टीलचा थर्मास असायचा. कणकुंबीला मी चहा घ्यायला उतरलो की तो हाक मारायचा, "पात्रांव, च्या कित्याक? हें हून हून घे!" आणि थर्मासच्या झाकणात ओतून द्यायचा कांज. कोंबडीचं पाणी, त्यात शिजून फुललेला थोडा तांदूळ, मांसाचे बारीक धागे, आणि वर पुदिन्याचं पान. पहिल्यांदा दिलं तेव्हा मला वाटलं आजारी माणसाचं जेवण आहे. एक घोट घेतला आणि त्या दिवसापासून त्याच्या थर्मासवर माझाही हक्क झाला. बदल्यात मी आईने केलेली कुळथाची पिठी द्यायचो. त्याला ती इतकी आवडायची की सुट्टीच्या दिवशी सायकलवरून मडगाव स्टँडवर येऊन गाडीतला डबा घेऊन गेला होता.

त्याच्या बायकोने कांज कसं करायचं ते मला एकदा सविस्तर सांगितलं, तू लिहून घे. हाडासकट कोंबडी घ्यायची, तंगडी असली तर उत्तम. पातेल्यात थंड पाणी घालून त्यातच कोंबडी ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकायची नाही. पाणी हळूहळू तापलं की फेस वर येतो, तो चमच्याने काढत राहायचं, म्हणजे पाणी निवळ राहतं. मग अख्खा कांदा, आल्याचा तुकडा, चार-पाच मिरी, मीठ. आच अगदी बारीक, पाणी नुसतं हललं पाहिजे, उसळायला नको. तासभर. कोंबडी बाहेर काढून मांस सुटं करायचं, कांदा-आलं फेकून द्यायचं, पाण्यात मूठभर धुतलेला तांदूळ घालून तो मऊ होईपर्यंत ठेवायचं. मांस परत आत, लिंबू पिळायचं, पुदिना. ती म्हणायची, "घाई केली की कांज नाही होत, नुसतं कोंबडीचं पाणी होतं." घाई न करणं हेच तुमच्या पिढीला जमत नाही, पण थंडीच्या रविवारी तुला कुठे जायचंय?

आता कुळीथ. बेळगावला रात्रीची वस्ती असायची तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टरांच्या खोलीत एक स्टोव्ह होता. हॉटेलात रोज खाणं खिशाला आणि पोटाला दोन्हीला परवडत नव्हतं. हुबळीच्या गाडीवरचा एक म्हातारा ड्रायव्हर सकाळी निघतानाच कुळीथ भिजत घालायचा. रात्री खोलीत शिरलं की त्या उकळत्या कुळथाचा वास आधी यायचा. थोडा मातीसारखा, थोडा भाजल्यासारखा. कोणाला तो आवडत नाही; तुझ्या आईला लग्नानंतर सवय व्हायला वेळ लागला. पण बाहेर बेळगावची थंडी आणि आत तो वास, पायात दोन-दोन मोजे, आणि अॅल्युमिनियमच्या ताटलीत कळण! हुबळी, बेळगाव, पणजी, सगळ्या गाड्यांची भांडणं त्या ताटलीपाशी मिटायची. बहुतेक भांडणं रजेवरून असायची, हेही सांगून ठेवतो.

एक वाटी कुळीथ निवडून घे. खडे असतात, घाई करू नकोस, दात तुझे आहेत. धुऊन रात्रभर भिजत घाल. दुसऱ्या दिवशी ते पाणी फेकून नव्या आठ वाट्या पाण्यात कुकरला लाव. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून पंचवीस मिनिटं. कुकर उघडलास की तपकिरी-तांबूस पाणी वर असेल. ते गाळून घे, तेच कळण. शिजलेल्या कुळथातले दोन चमचे ठेचून त्यात परत घाल, म्हणजे अंगाला दाटपणा येतो, मक्याचं पीठ लागत नाही. मग चार सोलं (सुकी कोकमं), मीठ, गुळाचा एवढासा खडा, आणि पाच मिनिटं उकळी. फोडणी शेवटी: तेल, मोहरी, हिंग, सालासकट ठेचलेली सहा-सात पाकळ्या लसूण, एक सुकी मिरची, कढीपत्ता. लसूण तांबूस झाली पाहिजे, काळी नाही. नारळाचं दूध मिळालं तर आच बंद केल्यावर घाल, नंतर उकळू नकोस, फुटेल. उरलेल्या कुळथाची कांदा-खोबरं घालून उसळ होते. म्हणजे एका कुकरात दोन जेवणं. तुझ्या मैत्रिणी दोन-चार दिवसांत तुझ्या दारात रांग लावतील बघ.

तिकडे कुळीथ कुठे मिळणार म्हणून पिशवी पाठवतोय खरी, पण ती संपली तरी अडणार नाही. गढवाली दुकानात जाऊन 'गहत' माग. तेच ते, दाणा थोडा वेगळा दिसेल. पहाडी माणसं थंडीत तीच डाळ करतात, तुझ्या खानावळीच्या काकूंना विचार. आणि कढीपत्त्याची काळजी तर तू करूच नकोस. तूच मला साल वृक्षांच्या जंगलात नेऊन खालची झुडपं दाखवली होतीस, सगळीकडे कढीपत्ता रानासारखा माजलेला! मी तिथे उभ्या उभ्या खिसा भरला आणि तू म्हणालीस, "बाबा, हे फील्डवर्क आहे, भाजीबाजार नाही." भाजी तर आपण पणजीच्या बाजारातही बेळगावचीच घेतो, मग जंगलातली दोन पानं घेतली तर काय झालं?

कुकरवरून आठवलं. तू मसुरीला तुझ्या त्या मैत्रिणीकडे राहायला जाशील तेव्हा तिथे हेच कुळीथ करणार असशील, तर पहिली शिट्टी होईपर्यंत धीर धर आणि नंतर दहा मिनिटं जास्त दे. दोन हजार मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं. उघड्या भांड्यात डाळ घातली तर संध्याकाळ होईल. कुकरात तेवढा फरक पडत नाही, पण आपलं कळण अर्धकच्चं राहिलं तर मला इथे झोप लागणार नाही.

तुला कॅसल रॉक आठवतो? आठवत नसेल, तू पहिलीत होतीस. माझी रजा, जानेवारी महिना, आणि आजीला रेल्वेतून दूधसागर बघायचा होता. कुळेपर्यंत गाडी सपाट आली, मग मागे आणखी इंजिनं जोडली. घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. रेल्वेला तो फार होतो, म्हणून मागून ढकलायला इंजिन लागतं. हे ऐकून तू विचारलंस, "बाबा, तुमच्या बसला का नाही ढकलत?" सगळा डबा हसला. बोगदा आला की तू डोळे मिटायचीस, संपला की उघडायचीस. दूधसागर गाडीतून तेवढ्यात दिसतो आणि जातो, पण ३१० मीटर उंचीवरून पाणी पडताना दिसलं आणि आजीने हात जोडले. वर कॅसल रॉकला उतरलो. पोर्तुगीज काळात तिथे सरहद्द होती, माणसांच्या आणि सामानाच्या झडत्या व्हायच्या. आजोबा १९६१ च्या आधी तिथून गेलेले, त्यांचे किस्से आजीकडून ऐक. प्लॅटफॉर्मवर तू तोंड उघडलंस आणि वाफ बाहेर आली. तुला वाटलं आपल्या पोटात आग लागली! मग अर्धा तास नुसती वाफ काढत पळत होतीस, आणि आई थर्मासमधलं मुगाचं कळण घेऊन तुझ्या मागे. तुझ्या अंगात त्या दिवशी थंडीची जी हौस होती, ती गेली कुठे, तेच मला विचारायचंय.

गेल्या जानेवारीत मी तुझ्याकडे आलो, तो प्रवास मी अजून कोणाला नीट सांगितलेला नाही. आयुष्यभर स्टीअरिंग धरून बसलेल्या माणसाला खिडकीपाशी बसून जायला मिळालं, हेच मुळात मोठं सुख. वास्कोहून गोवा एक्स्प्रेस दुपारी सुटली तेव्हा अंगात सदरा. दुसऱ्या दिवशी मनमाडपर्यंत सदराच. इटारसी सोडली आणि संध्याकाळ झाली, तेव्हा शाल बाहेर आली. आणि तेव्हाच डब्यात एक पोरगा ओरडत आला, "गरमागरम टमाटर सूप!" मी घेतलं. कागदी पेल्यात, वर तळलेल्या पावाचे दोन तुकडे. गोड! साखरेच्या पाण्याला टोमॅटोचा रंग दिल्यासारखं. पण सांगतो, त्या खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यात मी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो आणि भोपाळ येण्याआधी दुसरं घेतलं. बाहेरची थंडी असली की बेचव वस्तूलाही चव येते. पाकिटाचं सूप तू बंद खोलीत हीटर लावून पितेस, म्हणजे थंडी पण नाही आणि चव पण नाही, दोन्ही घालवलंस.

झाशीनंतर धुकं. माझ्या घाटातलं धुकं हलतं, उतरतं, विरतं. ते उत्तरेचं धुकं मात्र जमिनीला चिकटून बसलेलं, गाडी कुठेतरी शेतात उभी, आणि पलीकडच्या रुळावरचा दिवाही दिसत नव्हता. लोक वैतागले होते. मी मजेत होतो, कारण त्या धुक्यातून गाडी नेण्याची जबाबदारी माझी नव्हती. पुढे दिल्लीत काश्मिरी गेटहून डेहराडूनची बस घेतली, तेव्हा मी मुद्दाम ड्रायव्हरच्या मागची सीट पकडली. पोरगा तरणा होता. पिवळे दिवे लावले, डावी कड धरली, धुक्यात ओव्हरटेक एकदाही केला नाही. उतरताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शाबास म्हटलं. त्याला कळलं नाही हा कोण गोव्याचा म्हातारा.

तू मला क्लेमेंट टाउनला तिबेटी लोकांच्या वस्तीत नेलंस. तो मोठा स्तूप मला आवडला, पण खरं सांगू, मला त्या गल्लीतली थुक्पा जास्त आठवते. केवढा तो वाडगा! नूडल, कोबी, गाजर, आणि खाली तो निवळ रस्सा. दुकानातली बाई मोठ्या पातेल्यातलं पाणी सतत मंद आचेवर ठेवून होती. मागेल तसा वाडगा भरायची. तेवढ्यावरून मला कळलं की हिची आणि त्या सासष्टीच्या कंडक्टरच्या बायकोची विद्या एकच आहे. पातेलं, हाडं, बारीक आच आणि धीर. मी दुसरा वाडगा मागितला तेव्हा तू इकडेतिकडे बघितलंस. बापाची लाज वाटून घ्यायची ती घे, पण थुक्पा सोडायची नाही.

आणि मसुरी. लाल टिब्ब्यावरून बंदरपूंछ शिखराचा बर्फ दिसला तेव्हा मी काही बोललो नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं. बोलण्यासारखं नव्हतंच काही. पण संध्याकाळी तू पश्चिमेकडे बोट दाखवलंस. सूर्य बुडाला होता आणि खऱ्या क्षितिजाच्या वर आडवी एक रेघ, वर नारिंगी, खाली गडद जांभळट, पट्टी लावून आखल्यासारखी. तू म्हणालीस ही विंटर लाइन, थंडीच्या महिन्यांतच दिसते. खाली गार हवा साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, धूळ आणि दमटपणा त्या झाकणाखाली अडकतो. मी म्हटलं, हे तर मला माहीत आहे! चोर्ल्यावरून पहाटे खाली बघितलं की सत्तरीचं खोरं असंच भरलेलं दिसतं, पांढरं, सपाट, वरून कापल्यासारखं. तुझी धूळ, माझं धुकं, झाकण तेच. तू त्या दिवशी पहिल्यांदा माझं म्हणणं वहीत लिहून घेतलंस. नोकरीत मला प्रमाणपत्रं मिळाली, पण त्याहून ते लिहून घेणं मला मोठं वाटलं.

म्हणून सांगतो, संध्याकाळी पाचला खोलीत शिरू नकोस. त्या वेळेला तर आकाश रंगायला लागतं. रविवारी सकाळी गुच्चूपानीच्या गुहेत जा, पाण्यात पाय घाल, ओरड, पळ. कॉलेजच्या जुन्या इमारतीपुढे ते मोठं मैदान आहे ना, तिथे दुपारच्या उन्हात पाठ करून अभ्यास कर. पारा ५-६ अंशांवर उतरतो तो पहाटे. दुपारी ऊन चांगलं असतं, मी बघितलंय. जाड एक स्वेटर घालण्यापेक्षा पातळ तीन घाल, मध्ये हवा राहते. कान झाक. ओले मोजे पायात ठेवू नकोस.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. खोलीत कोळशाची शेगडी किंवा अंगीठी घेऊन दारं-खिडक्या लावून झोपायचं नाही. मैत्रिणींपैकी कोणी आणली तरी बाहेर काढायची. कोळशाच्या धुरातला जो वायू असतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतून उठत नाही. उत्तरेत दर थंडीत अशा बातम्या येतात. हीटर लावलास तरी खिडकीची एक फट उघडी ठेव. खिडकी उघडी ठेवण्याबद्दल बापाचं ऐकायला हरकत नाही, त्यात माझा अनुभव मोठा आहे.

खर्चाचं आईला सांग, मला नको. अभ्यासाचं मला सांग, आईला नको, ती घाबरते.

तुझा,
बाबा

ता. क. पार्सलमध्ये कुळीथ दोन पिशव्या, सोलं, खोल्याच्या मिरच्या, आणि आजीने विणलेली कानटोपी आहे. कोकमाचं आगळ फुटेल म्हणून बाटली घातली नाही. खाज्याचा पुडा जत्रेतला आहे, तो वाटेत कोणी मोडला असेल तर चुरा पण खा. आई म्हणते कुळीथ करशील त्या दिवशी फोटो पाठव. मी म्हणतो फोटो नको, लसूण किती घातलीस ते कळव.